तांदळात गेलेली सुचिता

माझा एक नेम आहे. तोंडून कडू शब्द निघाला, की त्या दिवशी रात्रीचं जेवण बंद. आमच्या बुलढाण्याच्या गल्लीतल्या देवळात एक कीर्तनकार बुवा आले होते, त्यांनी सगळ्या बायकांना काहीतरी सोडायला सांगितलं. कुणी वांगी सोडली, कुणी चहा सोडून कॉफी धरली. मी कडू बोलणं सोडलं. मुळात माझा आवाज इतका बारीक, की भाजीवालासुद्धा "काय म्हणता काकू?" असं परत परत विचारतो. त्यामुळे हा नेम मला फुकटात पडल्यासारखाच होता. पण तो घेतला, तेव्हा मला प्लॉट विकायचा नव्हता.

प्लॉट मेहकरला आहे. माझे वडील, नाना, हिवरा आश्रम गावात शिक्षक होते. पोटाला चिमटा घेऊन, स्वतःच्या पगारातून त्यांनी तो घेतला आणि माझं लग्न ठरायच्या आधीच रीतसर बक्षीसपत्र नोंदवून माझ्या नावावर केला. "हा तुया. उद्या इकावासा वाटला तं कोणाले विचारू नको," एवढंच म्हणाले. नाना कमी बोलायचे, आणि जे बोलायचे ते खरं होईल असं त्यांना वाटायचं.

आता माझी लेक रेवती दातांची डॉक्टर झाली आहे. चिखलीला दवाखान्यासाठी तिनं जागा पाहून ठेवली. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देतो, असं जागेवाल्यानं बजावलेलं. अडत होती ती खुर्ची. दातांच्या डॉक्टरची खुर्ची ज्यांनी विकत घेतली नसेल त्यांनी एवढंच समजावं, की ती खुर्ची नसते, मोटार असते. फक्त ती जागची हलत नाही. नानांनी त्यांच्या लेकीला दिलं, मी माझ्या लेकीला देते. यात कुणाला काही विचारण्यासारखं आहे असं मला वाटलं नव्हतं.

मी घरात हे बोलले, तेव्हा आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला. हे जिल्हा परिषदेतून निवृत्त. सारी नोकरी फायलींवर 'खात्री करून सादर' असं लिहिण्यात गेली, त्यामुळे घरातही कुठलीच गोष्ट खात्री केल्याशिवाय सादर होत नाही.

"तो प्लॉट तं शौनकसाठी ठेवला ना आपण?"

'आपण' कधी ठेवला ते मला आठवेना. शौनक आमचा मुलगा, पुण्याला असतो. त्यानं मागे एकदा मला विचारलं होतं, "आई, मेहकर लोणारच्या आधी येतं की नंतर?" अशा मुलासाठी मेहकरचा प्लॉट ठेवायचा म्हणजे त्याच्यासाठी चंद्रावरची गच्ची ठेवण्यासारखं. आणि गंमत बघा. आम्ही राहतो तो फ्लॅट कागदावर माझ्या नावानं आहे, कारण बाईच्या नावानं घेतलं की मुद्रांक शुल्कात सवलत मिळते. तरी त्याला हे 'माझा फ्लॅट' म्हणतात. आणि माझ्या वडिलांचा प्लॉट, तो 'आपला'. व्याकरण शिकलेली मास्तरांची मुलगी मी, पण सर्वनामांचं हे गणित मला सासरी आल्यावरच कळलं.

शेजारच्या रुक्मिणीबाईंनी गॅलरीतूनच सल्ला दिला. "इस्टेट हाये वं माय ते. नवऱ्याची सही लागते, पोराची लागते, भावाची लागते. माह्या मावसबहिणीनं एका दिराले सोडलं तं दस्त अडकून बसला. तुमी आपल्या सगळ्यायच्या घ्या. कोणाच्या घरी श्राद्धाले नाही बोलावलं तं चालते, पण सहीले बोलावा."

शेवटी मी रेवतीच्या मैत्रिणीकडे, प्रेरणा वकिलांकडे गेले. पोरगी लहान, पण कागद असा वाचते जसा सोनार दागिना बघतो.

"काकू, नानांनी स्वतःच्या कमाईचा प्लॉट नोंदणी करून तुम्हाला बक्षीस दिला. तो तुमचा एकटीचा. काकांची सही नको, शौनकची नको, मामांची नको. फक्त तुमची पाहिजे."

मला इतकं हलकं वाटलं, की येताना मी देवाला नारळ फोडला. नारळ फोडायची घाई झाली हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

गिऱ्हाईक मिळालं होतं. बीबी गावचे नारायणराव, भाजीपाला पिकवणारे, आता हार्डवेअरचं दुकान टाकायला मेहकरला जागा बघत होते. त्यांच्यासाठी प्लॉटचा ताजा उतारा काढायला मी कचेरीत गेले. तिथल्या बाबूंनी उतारा काढला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "कु. सुचिता त्र्यंबक देऊळगावकर. त्यायले घेऊन या."

"मीच ती."

"आधार द्या." मी दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं. "हे तं शारदा अनंत उंद्रीकर."

"हो. लग्नानंतरचं."

"हे पहा मॅडम. लगन झालं, आडनाव बदललं, समजलं. बापाच्या जागी नवरा आला, तेही समजलं. पण पह्यलं नावबी बदललं? मंग राह्यलं काय?"

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. जपाची माळ पिशवीत होती. ती हातात घेतली आणि मणी ओढायला लागले, पण दर मण्याला देवाच्या नावाऐवजी त्या बाबूंचा प्रश्नच येत होता. मंग राह्यलं काय?

आता हे कसं झालं ते सांगते. आमच्या लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं आणि ह्यांनी अंगठीनं त्यात 'शारदा' लिहिलं. मी लाजून खाली बघत होते, म्हणून मला ते नीट दिसलंसुद्धा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, यांना हे नाव फार आवडत असेल. वर्षभरानं कळलं, की सासूबाईंच्या एका जाऊबाईंचं नाव शारदा होतं. त्या वेगळ्या निघताना त्यांची 'सौ. शारदा' कोरलेली ताटं-वाट्या इथंच राहून गेली होती. भांड्यांवरचं नाव खोडणं महाग, सुनेचं खोडणं फुकट. तर असं माझं बारसं झालं. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाची खिचडी झाली. म्हणजे सुचिता कुठं गेली याचा एकमेव पुरावा होता, तो आम्ही सगळ्यांनी तूप घालून खाल्ला.

लग्नाची नोंदणी तेव्हा कोण करत होतं? पत्रिकेवर सुचिता. शाळेच्या दाखल्यावर सुचिता. तिथून पुढे मतदार यादीपासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे शारदा. मधे एक ताट.

प्रेरणा म्हणाली, "काकू, प्रतिज्ञापत्र करू. 'सुचिता ऊर्फ शारदा'."

हा 'ऊर्फ' मला फार लागला. आमच्याकडे ऊर्फ फक्त पेपरात, फरार माणसाच्या नावाला लागलेलं बघितलंय. पण लेकीच्या खुर्चीसाठी तेही गिळलं. दोन्ही बायका एकच, हे सांगणारा एक ओळखणारा माणूस हवा होता. मी ह्यांना घेऊन गेले. ज्यांनी लिहिलं त्यांच्याहून चांगला साक्षीदार कोण?

नोटरींनी ह्यांना विचारलं, "या बाईंचं लग्नाआधीचं नाव सुचिता होतं, हे तुम्हाला व्यक्तिशः माहीत आहे?"

ह्यांनी प्रतिज्ञापत्र वरपासून खालपर्यंत वाचलं. मग त्यांनी घसा खाकरला.

"मी शारदाला ओळखतो. सुचिताला मी फक्त पत्रिकेवर पाहिलं आहे."

"अहो!" मी म्हटलं.

"खोटं प्रतिज्ञापत्र म्हणजे गुन्हा असते," ते माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले. "तुला पाहायला आलो तेव्हा तुझ्या बापानं 'आमची पोरगी' एवढंच म्हटलं होतं. नाव मी लग्नानंतरच घेतलं, आणि ते शारदाच घेतलं. आता शौनकचा विचार करून तू जरा थांबली असतीस, तं मीही आठवून पाह्यलं असतं."

एवढी वर्षं या माणसाच्या आयुष्यासाठी मी मंगळवार, चतुर्थ्या आणि वडाचे फेरे केले. वड तरी मला ओळखत असेल. मी म्हणाले, "ज्या हातानं माझं नाव पुसलं, त्या हातानं सही होईना का तुमच्या?" झालं. कडू शब्द. रात्री ह्यांनी माझ्यासमोर पिठलं-भाकरी खाल्ली, वर कांदा फोडून. मी पाणी प्यायले.

मग मी हिवरा आश्रमला दादाकडे गेले. माणिकदादा माझा सख्खा मोठा भाऊ. मला खांद्यावर बसवून शाळेत नेणारा.

"तुले म्या नाही वळखत तं कोण वळखते, सुचे?" तो म्हणाला. माझे डोळेच भरून आले. कितीतरी वर्षांनी कुणी 'सुचे' म्हटलं होतं. "पण कागदाले वळख नसते ना. म्या याच्यावर लय इचार केला. आपण असं करू. सुचिता बेपत्ता झाली म्हणू."

"कोण बेपत्ता?"

"सुचिता वं. बेपत्ता झाली, मंग मयत झाली. कागदावर ते कुमारी हाये. म्हणजे नवरा नाही, लेकरू नाही. नाना गेले, आई गेली. वारस कोण राह्यला? मी. प्लॉट माह्या नावावर होते, मंग मी तुले देतो."

हे 'मंग तुले देतो' बोलताना तो माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होता. खिडकीबाहेर फक्त एक म्हैस होती.

"दादा, मी तुझ्यासमोर बसले आहे."

"तू शारदा हायेस. मी सुचिताचं म्हणून राह्यलो."

माझ्या अंगाची लाही झाली. म्हणजे मला मारायचं, माझं घ्यायचं, आणि मग माझंच मला देऊन वर उपकार! मी हे सगळं बोलले. बारीक आवाजात, पण बोलले. तेवढ्यात छायावहिनी आतून आल्या. त्यांनी आश्रमाच्या महाप्रसादात होते तशी वांग्याची भाजी केली होती आणि पुऱ्या तळत होत्या. "वन्सं, जेवल्याबिगर जाऊ नका, तुमचं पान मांडून राह्यले." कडू बोलून झालं होतं, म्हणून मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं मी रुसले. रुसलेच होते, पण पुरीवर नव्हते.

दादा तेवढ्यावर थांबला नाही. दोन-चार दिवसांत नारायणरावांचा फोन आला. "वहिनी, माणिकराव बीबीले आल्ते. सुचिताबाई नाहीत म्हणते आता. लय वाईट झालं. पण मले जागा पायजे हो, आखाजीले मुहूर्त करायचा हाये. ते म्हणते का सही तेच करून देतील. मंग मी त्यायच्याशीच बोलू का?"

"नारायणराव, मी मेले नाही!"

"तुमी काऊन मरसाल, वहिनी? म्या सुचिताबाईचं इचारून राह्यलो."

फोन ठेवते तोच रुक्मिणीबाई दारात. डोक्यावरून पदर, चेहरा पडलेला. नारायणरावांची सून त्यांच्या भाचीची नणंद, त्यामुळे बातमी फोनच्या आधी पोचली होती.

"माय वं, तुमची बहीण गेली म्हणे. सांगतलं नाही तुमी. सुतक पाळून राह्यले ना?"

मी किती सांगितलं, पण माझा आवाज असा, आणि त्यांच्या गळ्यात हुंदका. संध्याकाळी देवळात भजनाला गेले तर बायकांनी मला पायरीवरच थांबवलं. प्रसादाचं ताट माझ्यापासून लांब सरकवलं. "ताई, राग नका मानू, पण सुतकात आत नका येऊ." मग तिथंच चर्चा सुरू झाली, की लग्न झालेल्या बहिणीचं सुतक किती आणि कुमारीचं किती. कुमारीचं जास्त, असं ठरलं. माझ्या रोजच्या पूजेला, माझ्या दिव्याला, माझ्या तुळशीच्या पाण्याला माझंच सुतक! आयुष्यभर एक वार चुकवला नाही, आणि देवानं मला पायरीवर बसवलं, का, तर मी वारले म्हणून.

भजनाचा माईक पायरीपर्यंत ओढून ठेवलेला होता. मी तो हातात घेतला.

"सुचिता म्हणजे मीच. आणि मी जिवंत आहे."

माझा आवाज एवढा मोठा होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. गल्लीच्या टोकाला कुल्फीवाला थांबला. टाळ थांबले. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "आगं बाई, मंग रडवलं काऊन मले?" हा शब्द कडू होता की नुसता खरा, याचा निर्णय मला करता आला नाही. म्हणून त्याही रात्री जेवले नाही. ब्लाउज सैल व्हायला लागले होते. "बारीक झाल्या वं, काय खाऊन राह्यल्या?" असं एकीनं कौतुकानं विचारलं. काही खात नाही, हे तिला कसं सांगणार?

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी प्रेरणाकडे गेले. तिनं आधी दादाला फोन लावला आणि गोड आवाजात सांगितलं, की जिवंत बहिणीला मयत दाखवलं तर मामांना काही काळ सरकारी पाहुणचार घ्यावा लागेल. दादा म्हणाला, "म्या तं गंमत केली वं." मग ती माझ्याकडे वळली.

"काकू, आता साक्षीदारांच्या मागे नको. शाळेचा दाखला आहे, पत्रिका आहे, तुमचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र आहे. राजपत्रात नाव-बदलाची जाहिरात टाकू. ती छापून आली की तुम्ही दोघी एकच, हे कायमचं झालं. जुनं नाव सुचिता त्र्यंबक देऊळगावकर, नवीन नाव शारदा अनंत उंद्रीकर. टाकू ना?"

ती टाइप करायला लागली. मी बघत बसले. समोरच्या पडद्यावर सुचिता 'जुन्या'च्या रकान्यात जाऊन बसली होती. तांदळात गेली होती, तशीच. आणि मला एकदम वाटलं, या सुचितानं माझं काय वाकडं केलं आहे? नानांनी हिच्या नावावर प्लॉट केला. दादा हिला खांद्यावर बसवून न्यायचा. त्या दुसरीच्या नावानं तर घरात फक्त ताटं आली, आणि मुद्रांकाची सवलत.

"प्रेरणा," मी म्हटलं, "हे उलटं टाकता येतं का गं?"

"म्हणजे?"

"जुनं शारदा. नवीन सुचिता. पूर्ण, नानांच्या नावासकट."

तिनं हात थांबवले आणि माझ्याकडे बघून हसली. "येतं की. नाव तुमचं आहे, काकू."

नाव तुमचं आहे. प्लॉट माझा आहे हे सांगणारे नाना होते, पण नावसुद्धा माझं आहे हे मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं, आणि तीही माझ्या लेकीएवढी मुलगी.

राजपत्र छापून आलं. त्याच्यावर आधार झालं, पॅन झालं, बँकेचं पासबुक झालं. प्रत्येक ठिकाणी एक माणूस म्हणायचा, "एवढ्या वयात?" मी म्हणायचे, "हो," आणि रांगेत उभी राहायचे. ह्यांना कळलं, तेव्हा ते म्हणाले, "आडनावसुद्धा?"

"कागदाशी कागद जुळला पाहिजे ना. तुम्हीच म्हणता," मी म्हटलं, अगदी गोड.

आखाजीच्या आधी मेहकरला दस्त झाला. अधिकाऱ्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. विकायला राजी आहात का, विचारलं. आहे म्हटलं. सही केली, अंगठा दिला. माझ्या मागे ना नवरा, ना मुलगा, ना भाऊ. नारायणराव म्हणाले, "आता कसं! ज्या बाईचा प्लॉट, तिचीच सही." जणू हे त्यांनीच शोधून काढलं. चिखलीला खुर्ची आली. रेवतीनं मला पहिल्यांदा तिच्यावर बसवलं आणि तोंड उघडायला लावलं. एवढ्या महिन्यांत तोंड उघडल्यावर उपास न घडण्याची ती पहिलीच वेळ.

गोष्ट इथंच संपली असती. पण मागच्या आठवड्यात 'माझ्या फ्लॅट'चं कर्ज फिटलं आणि मूळ कागद सोडवून आणायला हे पेढे घेऊन बँकेत गेले. दुपारी उन्हातून परत आले ते पेढ्यांसकट.

"बँकवाला म्हणते, कागद शारदा अनंत उंद्रीकर यांनाच देता येतात. त्यांना घेऊन या."

"मग न्या," मी म्हटलं.

"चल ना मग."

"मी सुचिता."

"अवं पण तूच तं शारदा हायेस!" एरवी शुद्ध बोलायला बघणारा माणूस एका क्षणात पुरता वऱ्हाडीवर आला. "माह्यासमोर बसली हायेस. मी वळखत नाही का तुले?"

मी वातींचा कापूस बाजूला ठेवला. रागाचा लवलेश मनात येऊ दिला नाही. देवाशपथ सांगते, पुरणपोळीवर तूप सोडावं तसं बोलले.

"तुम्ही ओळखत असाल हो. मी सुचिताला ओळखते. शारदाला मी फक्त तांदळात पाहिलं आहे."

ह्यांनी पेढ्यांचा पुडा न उघडताच फडताळात ठेवला. राजपत्राची प्रत कपाटात आहे, ती मी त्यांना देणारच आहे. माणूस चांगला आहे, आणि घर शेवटी माझंच आहे. पण आधी त्यांनी एकदा कचेरीच्या पायरीवर बसून बघावं.

त्या दिवशी माझ्या तोंडून एकही कडू शब्द गेला नव्हता. रात्री आमरस केला, पोळ्या केल्या आणि पोटभर जेवले. ताट 'सौ. शारदा' कोरलेलंच घेतलं. कोण बाई होती कुणास ठाऊक, पण ताट मोठं आहे.